आपल्याकडे ओढायची सुरी

विळीवर भाजी चिरताना पातं जागचं हलत नाही, हलतो आपला हात. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचे मूळ रहिवासी मिगमाक लोक लाकूड तासतात ते याच्या अगदी उलट. एका हातात लाकूड, दुसऱ्यात सुरी, तळवा वर, आणि सुरी ओढायची ती स्वतःकडे! ऐकूनच काटा येतो ना अंगावर? पण अंगठा मुठीच्या कलत्या टोकावर रेटलेला असतो, त्यामुळे हात ताब्यात राहतो. बाक नको की शिकंजा नको.

हिला म्हणतात ‘वाकडी सुरी’. पातं विकतही मिळे, पण पुष्कळदा झिजलेली कानस नाहीतर जुना वस्तराच कामी यायचा. पोलाद घासून एकाच बाजूने धार काढायची, टोक जरासं वळवायचं, मुठीच्या खाचेत बसवून तारेने किंवा कातडी वादीने आवळायचं. मूठ ज्याची त्याने आपल्या हाताला बेतून कोरलेली. डावखुऱ्याची सुरी उजव्या हाताला चालायची नाही! कुऱ्हाडीचे दांडे, हॉकीच्या काठ्या, टोपल्यांच्या कड्या, सारं हिच्यावरच.

टोपल्या विणायच्या त्या काळ्या अ‍ॅशच्या लाकडाच्या. ओंडका ठोकून ठोकून त्याचे वर्षावर्षांचे थर सुटे करायचे, मग फणीसारख्या दातेरी हत्याराने एकसारख्या पट्ट्या काढायच्या. हे दाते कित्येकदा घड्याळाच्या जुन्या कमानीचे. टाकाऊतून टिकाऊ म्हणतो ना आपण, तेच! टोपल्या घेऊन बायका गावात दारोदार जायच्या आणि पीठ, जुने कपडे घेऊन यायच्या. आपली बोहारीणच म्हणा ना, फक्त भांड्यांऐवजी टोपली.

ही विद्या बघून बघूनच यायची. पण 1930 ते 1967 या काळात नोव्हा स्कॉशियातल्या शुबेनॅकडी इथल्या निवासी शाळेत मिगमाक मुलं आईबापांपासून दूर ठेवली गेली, मातृभाषा बोलली तर शिक्षा. जिच्या हाताकडे बघायचं तीच आई जवळ नाही, मग बघणार काय?

तरी सुऱ्या करणारे आणि विणणाऱ्या आजही आहेत. अडतंय ते लाकडापाशी. नोव्हा स्कॉशियात काळा अ‍ॅश 2013 साली धोक्यातल्या झाडांच्या यादीत गेला, आणि 2018 मध्ये अ‍ॅश पोखरणारा हिरवा भुंगा तिथे पोचला. टोपलीला लागतो सरळ, बिनगाठीचा बुंधा. म्हणून आता बिया गोळा करून रोपं लावणं चालू आहे.