कार्बोरेटर बदलण्यापूर्वी : जुन्या बुलेटच्या कारागिरांसाठी

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ चे नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्बोरेटर हद्दपार झाला. नवी मुले आता इंजेक्शन आणि सेन्सर शिकतात. पण कास्ट आयर्न इंजिनाची जुनी बुलेट अजून रस्त्यावर आहे आणि तिचा मालक जाणता कारागीर शोधत फिरतो. आमच्या गॅरेजवाल्या बांधवांसाठी ही चांगली रोजी आहे. मात्र 'कार्बोरेटर गेला, नवा टाका' असे सांगण्याची घाई होते. नवा टाकूनही गाडी मिसिंग करीत राहिली, तर गिऱ्हाईक तुटते.

म्हणून आम्ही सुचवतो की, पाना हातात घेण्याआधी बाकीचे तपासावे. प्लग, पॉइंटमधील अंतर आणि एअर फिल्टर पाहावा. बिघाड पॉइंटचा आणि शिक्षा कार्बोरेटरला, असे फार वेळा घडते. गाडी काही अंतर चालून बंद पडत असेल, तर टाकीचे झाकण उघडून पाहावे. हवा आत ओढल्याचा आवाज येऊन गाडी पुन्हा सुरू झाली, तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे. हे काम पाच मिनिटांचे!

यानंतर प्लगचा रंग पाहावा. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे पेट्रोल कमी, विटकरी-तपकिरी म्हणजे ठीक. मग रेस कितीवर असताना त्रास होतो, ते गिऱ्हाइकाला विचारावे. आयडलला किंवा रेस उचलताच अडखळत असेल, तर पायलट जेट आणि एअर स्क्रू पाहावा. मधल्या रेसला त्रास असेल, तर सुई व तिची क्लिप. पूर्ण रेसला दम तुटत असेल, तर मेन जेट.

३५० च्या मिककार्ब कार्बोरेटरमध्ये एअर स्क्रू आत फिरवला की मिश्रण दाट होते, बाहेर काढला की पातळ. तो हलक्या हाताने पूर्ण आत बसवून सुमारे दीड फेरा बाहेर काढावा आणि इंजिन गरम झाल्यावर तेथून जुळवावा. सुईची क्लिप एक खाच खाली बसवली की सुई वर येते व पेट्रोल वाढते. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही.

आयडल आपोआप चढत असेल, तर कार्बोरेटर आणि हेडमधील जोडातून हवा शिरते का ते पाहावे. चालू इंजिनावर जोडाभोवती इंजिन ऑइलचे दोन थेंब सोडावेत. आवाज बदलला तर गळती तेथेच आहे. ओव्हरफ्लो होत असेल, तर फ्लोटच्या सुईखाली कचरा आहे का पाहावे आणि फ्लोट कानाजवळ हलवावा. आत पेट्रोल खळखळले, तर फ्लोट फुटला आहे. जेटमध्ये तार मात्र कधीही घालू नये. छिद्र किंचित मोठे झाले तरी माप बिघडते. कॉम्प्रेसरची हवा पुरेशी आहे.

आणखी एक गोष्ट. २०२५ पर्यंत देशभर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले. इथेनॉल पाणी ओढते आणि जुन्या रबराला मानवत नाही. महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीत पायलट जेट चोंदणे, नळी फुगणे व वॉशर चिरणे हे प्रकार त्यामुळे होतात. अशा गाडीची टाकी आणि फ्लोटची वाटी आधी रिकामी करावी. गाडी बराच काळ उभी ठेवायची असेल, तर कॉक बंद करून वाटी रिकामी करण्यास मालकाला सांगावे.

काढलेला भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा, काय बिघडले होते ते बिलावर लिहावे आणि तपासणीची मजुरी वेगळी, उघडपणे घ्यावी. नवा भाग विकून एकदाच नफा होतो. नेमका दोष शोधून देणाऱ्याकडे मालक पुढच्या गाडीलाही घेऊन येतो.