स्पॅनिशमधील ‘सुबखुन्तिबो’ आणि मराठीतील विध्यर्थ : अध्यापनाच्या दृष्टीने एक विचार

प्रस्तावना :
जगातील सुमारे २० देशांची राजभाषा असलेली स्पॅनिश आपल्याकडे बहुधा इंग्रजीच्या आधाराने शिकविली जाते. परिणामी जेथे इंग्रजी व्याकरण तोकडे पडते, तेथेच विद्यार्थी अडखळतो. ‘सुबखुन्तिबो’ हा क्रियापदाचा अर्थ त्याचे ठळक उदाहरण होय. इंग्रजीत ‘इफ आय वेअर’ यांसारख्या मोजक्या प्रयोगांतच तो उरला आहे. विद्यार्थी रूपांचे तक्ते पाठ करतो. परंतु ती कोठे योजावीत हे त्यास उमगत नाही. गोंदिया जिल्ह्यातील विद्यार्थ्याने तर यासाठी इंग्रजीच्या दारी जाण्याचे कारणच नाही. घरी झाडीबोली, पोवारी वा गोंडी, शाळेत मराठी आणि बाजारात हिंदी असा त्याचा भाषाव्यवहार असतो. यांपैकी निदान मराठीत व हिंदीत हा अर्थ आजही जिवंत आहे.

विषयविवेचन :
रूपसिद्धी फारशी अवघड नाही. नियमित क्रियापदांत अंत्य स्वरांची अदलाबदल होते : ‘आब्ला’ (तो बोलतो) याचे ‘आब्ले’, तर ‘कोमे’ (तो खातो) याचे ‘कोमा’. खरा प्रश्न प्रयोजनाचा आहे.

मराठी व्याकरणात स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ व संकेतार्थ असे क्रियापदाचे चार अर्थ सांगितले जातात. ‘किएरो के बेंगा’ म्हणजे ‘त्याने यावे अशी माझी इच्छा आहे’. येथे ‘बेंगा’ आणि ‘यावे’ यांचे कार्य एकच. मात्र मराठीत कर्त्यास ‘ने’ प्रत्यय लागतो. स्पॅनिशमध्ये कर्ता तसाच राहून क्रियापद त्याच्या पुरुषाप्रमाणे बदलते. या बाबतीत हिंदी अधिक जवळची आहे. ‘मैं चाहता हूँ कि वह आए’ या वाक्याची घडण स्पॅनिश वाक्याशी जवळजवळ शब्दशः जुळते. ‘के’च्या जागी ‘कि’ आहे, हे साम्यही वर्गात उपयोगी पडते. कर्ता एकच असेल तेव्हा मात्र स्पॅनिशमध्ये धातुरूपच येते, जसे मराठीत ‘मला जायचे आहे’.

‘बीबा मेहिको’ ही घोषणा याच रूपाची आहे. ‘मेक्सिको चिरायू होवो’ हा तिचा स्वाभाविक अनुवाद. ‘ओखाला युएबा’ म्हणजे ‘पाऊस पडो’. यातील ‘ओखाला’ हा शब्द अरबीतून आलेला आहे.

‘अनिश्चितता असेल तेथे सुबखुन्तिबो’ हा नियम अनेकदा सांगितला जातो. तो अपुरा आहे. ‘मे आलेग्रा के एस्तेस आकी’ (तू येथे आहेस याचा मला आनंद वाटतो) यात अनिश्चित काहीच नाही. श्रोता समोर उभा आहे. तरीही सुबखुन्तिबो येतो, कारण वक्ता त्याची उपस्थिती सांगत नसून तिच्याविषयीची भावना सांगत आहे. जे वक्ता स्वतः विधान म्हणून मांडतो ते स्वार्थात, आणि जे तो इच्छितो, नाकारतो किंवा गृहीत धरून ज्यावर अभिप्राय देतो ते सुबखुन्तिबोत, असे सांगणे अधिक योग्य ठरते. ‘क्रेओ के बिएने’ (तो येतो असे मला वाटते) आणि ‘नो क्रेओ के बेंगा’ (तो येईल असे मला वाटत नाही) यांतील भेदही यातूनच स्पष्ट होतो. तसेच ‘अंगण आहे असे घर’ शोधताना ‘तिएने’, पण ‘अंगण असेल असे कोणतेही घर’ शोधताना ‘तेंगा’. ‘आहे’ आणि ‘असेल’ यांतील हा फरक मराठी विद्यार्थ्यास शिकवावा लागत नाही, दाखवून द्यावा लागतो.

साम्याची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. धानपट्ट्यातील दोन साधी वाक्ये घ्यावीत. ‘पाऊस येईल तेव्हा रोवणी करू’ यात मराठी भविष्यकाळ योजते. स्पॅनिशमध्ये ‘क्वांदो युएबा’ असा सुबखुन्तिबो हवा. उलट ‘पाऊस आला तर रोवणी करू’ यात शंका अधिक असूनही स्पॅनिश ‘सी युएबे’ असा स्वार्थच वापरते. ‘सी’नंतर वर्तमान सुबखुन्तिबो येत नाही. येथे तर्कापेक्षा रूढीच प्रमाण मानावी लागते. मात्र ‘पाऊस आला असता तर’ म्हणताच, म्हणजे मराठीचा संकेतार्थ येताच, स्पॅनिशमध्येही ‘सी उबिएरा योबिदो’ असा भूतकालीन सुबखुन्तिबो येतो.