सुट्टीचा एक दिवस जुन्या चर्चसाठी

वसईच्या किल्ल्यात आपण बहुधा फोटो काढायला जातो. पाठीमागे चर्चची उंच कमान, वर मोकळं आभाळ आणि भिंतीतून डोकावणारा पिंपळ. फोटो छान येतो, पण त्याच पिंपळाची मुळं दरवर्षी भिंतीचे दगड थोडे थोडे सुटे करत असतात.

१५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती जिंकली. मधल्या दोनशे वर्षांत किल्ल्यात अनेक चर्च उभी राहिली. आज बहुतेकांची छपरं गेली आहेत. वसईत जन्मलेल्या संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने ओळखलं जाणारं चर्च मात्र दुरुस्त होऊन पुन्हा वापरात आलं. म्हणजे कोणी काळजी घेतली, तर पडकी वास्तूही उभी राहते.

किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखाली आहे. तरीही झाडलोट, रान काढणं, पाहुण्यांना इतिहास सांगणं अशी कामं ‘किल्ले वसई मोहीम’सारख्या गटांतले लोक स्वतःच्या सुट्टीत करत आले आहेत.

सिमेंटचा मोह नको

अशा कामात हौशी माणसाला पहिला मोह होतो तो सिमेंटचा. भेग दिसली की बुजवली! पण जुन्या भिंती चुन्याच्या असतात. चुना ओल घेतो आणि बाहेरही सोडतो. सिमेंट ती वाट बंद करतं. मग ओल आत साठते, क्षार वर येतात आणि भिंत आतून पोखरली जाते.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात रांचोस दे ताओस गावच्या लोकांनी हाच अनुभव घेतला. तिथलं सुमारे दोनशे वर्षं जुनं चर्च कच्च्या मातीच्या विटांचं आहे. दरवर्षीच्या लिंपणातून सुटका व्हावी म्हणून १९६७ मध्ये त्याला सिमेंटचा गिलावा दिला. काही वर्षांतच आतल्या विटा ओलीने खराब होऊ लागल्या. शेवटी तो गिलावा काढून गाव पुन्हा माती आणि गवताच्या लिंपणाकडे वळलं. आता दर उन्हाळ्यात लहानथोर मिळून चर्च लिंपतात, बाहेरचे स्वयंसेवकही हात लावतात. त्या भागात लिंपणाचं काम पूर्वापार बायकांचं. आपल्याकडच्या मातीच्या घरांतही दिवाळीआधी भिंती लिंपणाऱ्या आणि अंगण सारवणाऱ्या बायकाच होत्या. जुनी वास्तू एकदाच्या मोठ्या खर्चापेक्षा दरवर्षीच्या छोट्या देखभालीवर टिकते, हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

सहकुटुंब जायचं तर

• एकट्याने काम सुरू करू नका. पुरातत्त्व विभागाची परवानगी असलेल्या गटाबरोबरच जा. संरक्षित वास्तूचं नुकसान केल्यास २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

• भिंतीतलं रोप उपटू नका, मुळांबरोबर दगडही निखळतो. ते कुठे आहे ते गटप्रमुखाला दाखवा.

• कोरलेली नावं तारेच्या ब्रशने घासू नका. रंग किंवा तेलही लावू नका, त्याने दगड आणखी बिघडतो.

• पडलेला कोरीव दगड उचलून नीट ‘रचून’ ठेवू नका. तो कुठे पडला यावरूनच त्याची मूळ जागा कळते.

• पूर्ण बाह्या, जाड बूट, हातमोजे आणि पुरेसं पाणी हवंच. गवतात हात घालण्याआधी काठीने आवाज करा.

• लहान मुलांना कचरा वेचणं आणि चित्र काढणं द्या. एकाच भिंतीचा फोटो दर ६ महिन्यांनी एकाच जागेवरून काढायला सांगा. भेग वाढते आहे का, हे त्यातून दिसतं.

आणि घरात लिंपण केलेली किंवा चुन्याची घाणी चालताना पाहिलेली आजी असेल, तर तिलाही बरोबर न्या. त्या दिवशी गटात सगळ्यात जास्त माहिती कदाचित तिच्याकडेच असेल.