हवेचा आकडा कसा वाचावा

घरात दम्याचा रुग्ण, गरोदर स्त्री, तान्हे मूल किंवा हृदयविकार असलेली वयस्कर व्यक्ती असल्यास, विशेषतः हिवाळ्यात, हवेचा आकडा रोज पाहावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर आणि ‘समीर’ या मोफत अ‍ॅपवर तो उपलब्ध असतो.

प्रथम आपल्या घराजवळचे मापनकेंद्र निवडा. संपूर्ण शहराचा आकडा ही अनेक केंद्रांची सरासरी असते. आपल्या गल्लीतील हवा तीत झाकली जाऊ शकते. केंद्रापुढे आकडा नसेल तर यंत्र बंद आहे किंवा माहिती अपुरी आहे, असे समजावे. हवा स्वच्छ आहे, असा त्याचा अर्थ नव्हे.

हा निर्देशांक ० ते ५०० असा असतो. १०० पर्यंत हवा समाधानकारक मानली जाते. १०१ ते २०० या पिवळ्या टप्प्याचे नाव ‘मध्यम’ असले, तरी दमा व हृदयविकार असलेल्यांना त्रास तिथूनच सुरू होऊ शकतो. नावावर जाऊ नये. २०० च्या पुढे अशा व्यक्तींनी बाहेरील श्रम टाळावेत. ३०० नंतर निरोगी व्यक्तींनीही ते कमी करावेत.

अन्य काही अ‍ॅप अमेरिकी मोजपट्टी वापरतात. सूक्ष्म धूलिकण, म्हणजे पीएम २.५, प्रति घनमीटर ६० मायक्रोग्रॅम असतील तर भारतीय निर्देशांक १०० येतो आणि अमेरिकी दीडशेच्या वर जातो. हवा तीच, पट्टी वेगळी. म्हणून कोणतीही एकच पट्टी नियमित पाहावी.

धूलिकणांचा निर्देशांक मागील २४ तासांच्या सरासरीवर काढला जातो. त्यामुळे शेजारी आत्ताच पेटवलेला कचरा त्यात लगेच उमटत नाही. तेथे आपले डोळे व नाक अधिक तत्पर ठरतात. चुलीचा धूर तर कोणत्याच केंद्रावर मोजला जात नाही. स्वयंपाकघरातून तो बाहेर जाण्याची सोय आपणच पाहावी.

आकड्यासोबत प्रमुख प्रदूषकाचे नावही वाचा. ते पीएम २.५ असल्यास घराबाहेर पडताना चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरावा. रुमाल किंवा ओढणी हे कण अडवत नाही. थंडीत जमिनीलगतची हवा पहाटे कोंडून राहते, म्हणून फिरायला ऊन चढल्यावर जावे. प्रमुख प्रदूषक ओझोन असेल, तर मात्र उलट: तो उन्हात तयार होतो, दुपारी वाढतो आणि साध्या मास्कने अडत नाही. अशा दिवशी सकाळची वेळ बरी.

आकडा चांगला असला तरी नियमित औषधे व इनहेलर बंद करू नयेत. श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, बोलताना धाप लागणे, छातीत दुखणे किंवा ओठ निळसर होणे यांपैकी काहीही दिसल्यास आकडा पाहत थांबू नका. रुग्णाला तत्काळ नजीकच्या रुग्णालयात न्या किंवा १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.