आधी पाच शेळ्या, शेड नंतर : नव्याने शेळीपालन करणाऱ्यांनी हे बघून घ्या

पूर्णा : सोयाबीनच्या पैशातून चार पैसे उरले की गावातल्या एखाद्या तरुणाच्या डोक्यात शेळीपालन येतंच. त्यात मोबाईलवर रोज नवीन काहीतरी दिसतं. कधी तांबड्या डोक्याची बोअर, कधी लाखाचा बोकड, तर कधी लोकरीची परदेशी अल्पाका. अल्पाका हे पेरू, बोलिव्हियाच्या थंड डोंगरपठारावरचं जनावर. पूर्णेच्या मे महिन्यात त्याचं काय होईल ते सांगायला नको. मागं ईमू पक्ष्याच्या नादात महाराष्ट्रातले कितीतरी शेतकरी बुडाले. पक्षी होते, गिऱ्हाईक नव्हतं.

आपल्याकडं उस्मानाबादी शेळी आहे. धाराशिव, लातूर, परभणी हा तिचाच पट्टा. बहुतेक काळी, मोठी शेळी तीस-बत्तीस किलोची, ऊन सोसणारी आणि जुळं देणारी. नवख्या माणसानं दुसरीकडं बघायचं कारण नाही.

सुरुवात पाच शेळ्यांनी करावी. एकटी शेळी आणू नये, ती दिवसभर ओरडते आणि चारा खात नाही. बाजारात घेताना आधी दात बघा. दोन दाती शेळी साधारण सव्वा-दीड वर्षाची, चार दाती दोन-अडीच वर्षांची. याच घ्याव्यात. कासेला हात लावून दोन्ही सडं चालू आहेत का, कुठं गाठ आहे का ते तपासा. नाक वाहणारी, मागून घाण झालेली शेळी स्वस्तात मिळाली तरी नको. आणलेल्या शेळ्या दोन-तीन आठवडे घरच्या जनावरांपासून लांब बांधा. हे कोणी करत नाही आणि रोग इथूनच घरात येतो.

आता पैशाचं. शेळीचा गाभणकाळ पाच महिन्यांचा, म्हणजे सुमारे दीडशे दिवस. दोन वर्षांत तीन वेत आणि वेताला सरासरी दीड करडू धरलं, तर पाच शेळ्यांची दोन वर्षांत बावीस-तेवीस करडं होतात. त्यातली काही मरणार, हे धरून चाला. रिकामी शेळी आज घेतली तर पाच महिने गाभण आणि पुढं करडू विकायला येईपर्यंत सहा-आठ महिने. म्हणजे पहिलं वर्ष जवळपास कोरडंच. कर्ज काढून लाखाचं शेड बांधलं आणि दुसऱ्या महिन्यापासून हप्ता सुरू झाला, तर हप्त्यासाठी गाभण शेळ्या विकायची पाळी येते.

पाच शेळ्यांना शेड लागतंच कशाला? एका शेळीला दहा-बारा चौरस फूट सावली आणि त्याच्या दुप्पट मोकळी जागा पुरते. लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी. आपली जमीन काळी, पावसाळ्यात पाय रुततो. म्हणून मुरूम टाकून ओटा उंच करा, उतार द्या. ओल्यात बसलेल्या शेळीचे खूर सडतात, करडांना सर्दी होऊन छाती भरते. पत्र्यावर खर्च कमी करा पण ओट्यावर करू नका.

चाऱ्याला आपल्याकडं तोटा नाही. तुरीचं, हरभऱ्याचं भुसकट, बांधावरची सुबाभूळ, शेवरी, बाभळीच्या शेंगा. मोठ्या शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवं, किलोभर वाळलं आणि पाव किलोच्या आत खुराक. पण जपायच्या दोन गोष्टी आहेत. ज्वारी कापल्यावर धसकटाला फुटलेले कोवळे पोंगे विषारी असतात, त्यात शेळी सोडू नये. आणि फवारणी झालेल्या कपाशीच्या बांधावर तर अजिबात नको. धान्याच्या पोत्यात तोंड घालून पोटभर ज्वारी-गहू खाल्लेली शेळीही पोट फुगून मरते. दार लावायला विसरू नका.

करडू जन्मलं की अर्ध्या ते एक तासाच्या आत चीक पाजा. नाळेला टिंक्चर आयोडीन लावा. काही घरात वार पडेपर्यंत चीक पाजत नाहीत. ही समजूत करडाच्या जिवावर उठते, कारण रोगाशी लढायची ताकद त्याला चिकातूनच मिळते.

आंत्रविषार हा रोग तर फसवा. मिरगाचा पाऊस पडला, कोवळं गवत उगवलं की कळपातलं सगळ्यात धष्टपुष्ट करडू सकाळी मेलेलं सापडतं. लोक म्हणतात नजर लागली. नजर नव्हे, आतड्यातल्या जंतूंचं विष. औषधाला वेळच मिळत नाही, म्हणून लस पावसाळ्याआधी द्यायची आणि पंधरा दिवसांनी दुसरा डोस. पीपीआरमध्ये ताप, नाका-डोळ्यातून पाणी, तोंडात फोड, हगवण आणि अख्खा कळप आडवा. त्याची लस करडू तीन-चार महिन्यांचं झाल्यावर, एकदा दिली की तीन वर्षं चालते. लसीच्या आठ-दहा दिवस आधी जंताचं औषध पाजलेलं बरं. गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा, १९६२ या नंबरवर फोन लावा. अवघड दुखण्याला परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळच आहे.

दहा शेळ्या आणि एक बोकड अशा गटासाठी पशुसंवर्धन विभागाची योजना आहे. खुल्या गटाला ५० टक्के, अनुसूचित जाती-जमातीला ७५ टक्के अनुदान. अर्ज ऑनलाईन असतो, मुदत दवाखान्यातच विचारावी. कोणी एजंट 'मंजूर करून देतो' म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका. पाच शेळ्यांना स्वतःचा बोकड लागत नाही, गावातला चांगला बोकड चालतो. मात्र दोन वर्षांनी बोकड बदला, नाहीतर त्याच्याच लेकींना तो लागतो आणि करडं खुरटी निघतात.

विकताना अंदाजावर देऊ नका, काट्यावर द्या. बकरी ईदला भाव चांगला मिळतो, पण तिथं बोकड वर्षाचा पूर्ण भरलेला लागतो, शिंग मोडलेलं, कान फाटलेला चालत नाही. ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकते. गाभणकाळाचे पाच महिने आणि वाढीचं एक वर्ष धरलं, तर त्या ईदेसाठी शेळी सतरा महिने आधीच भरवलेली असावी लागते.