रद्दी, भंगार आणि कर

रद्दीवाला दाराशीं येतो, जुनीं वर्तमानपत्रें तराजूंत तोलतो आणि आपल्या हातावर चार पैसे ठेवून जातो. कागद व लोखंड आनंदानें उचलणारा हाच गृहस्थ प्लॅस्टिकच्या मळक्या पिशव्यांकडे मात्र ढुंकूनही पाहत नाहीं. असें कां व्हावें? कारण उघड आहे. ज्या जिनसेस गिऱ्हाईक नाहीं, ती कोणी उचलीत नाहीं. तेव्हां टाकाऊ मालास गिऱ्हाईक कसें मिळवून द्यावें, हा खरा प्रश्न आहे. कराच्या द्वारें त्यावर जो एक उपाय योजिला गेला, त्याची ओळख आमच्या वाचकांस करून देण्याचा आमचा हेतु आहे.

नवें प्लॅस्टिक मुख्यतः खनिज तेल व नैसर्गिक वायु यांपासून होतें. जुनें प्लॅस्टिक पुन्हां उपयोगांत आणावयाचें तर तें गोळा करणें, निवडणें, धुणें व वितळवून त्याचे दाणे पाडणें, इतकी यातायात करावी लागते. त्यामुळें तेल उतरलें कीं नवा माल पुष्कळदां स्वस्त पडतो व कारखानदार साहजिकच तिकडे वळतो. कचऱ्यानें नद्यांची व समुद्राची जी हानि होते, ती त्याच्या जमाखर्चाच्या वहींत कोठेंच मांडलेली नसते.

ही चूक दुरुस्त करण्यासाठीं ब्रिटिश सरकारनें १ एप्रिल २०२२ पासून प्लॅस्टिकच्या वेष्टनांवर नवा कर बसविला. ज्या वेष्टनांत पुनर्निर्मित प्लॅस्टिक शेंकडा ३० पेक्षां कमी, त्यांवर दर टनास २०० पौंड; ३० किंवा अधिक असल्यास कांहींच नाहीं. १ एप्रिल २०२५ पासून हा दर २२३.६९ पौंड झाला. परदेशांतून येणाऱ्या वेष्टनांसही तो लागू केला, नाहीं तर देशांतील कारखानदारावर अन्याय झाला असता. औषधांचीं लगतचीं वेष्टनें मात्र वगळलीं आहेत.

याचें मर्म एका सोप्या गणितानें ध्यानांत येईल. समजा, एक कारखानदार वर्षास १,००० टन बाटल्या करतो. सर्व माल नवा वापरल्यास, आरंभींच्या दरानें, त्यास २ लाख पौंड कर पडेल. त्यांत ३०० टन पुनर्निर्मित माल सारख्या प्रमाणांत मिसळला, तर कर शून्य. म्हणजे त्या ३०० टनांसाठीं दर टनामागें सुमारें ६६६ पौंड अधिक मोजले तरी त्याचें नुकसान नाहीं! काल ज्यास गिऱ्हाईक नव्हतें, त्या भंगारास आज भाव आला.

तथापि या योजनेंतही उणिवा आहेत. शेंकडा २९ मिसळणारा पूर्ण कर देतो, आणि ६० मिसळणाऱ्यास ३० वाल्याहून अधिक लाभ नाहीं. शिवाय दाणे जुने कीं नवे, हें नुसत्या डोळ्यांनीं ओळखतां येत नाहीं. म्हणून कागदोपत्रीं पुरावा ठेवावा लागतो. पुरावा खोटा असेल, तर सारी इमारतच कोसळते. दुसरी मौज अशी कीं, इतर कर जितका जमेल तितका सरकारास गोड. हा कर मात्र जितका कमी जमेल तितका अधिक यशस्वी म्हणावयाचा.

आतां आपल्या देशाकडे वळूं. येथें १ ऑक्टोबर २०२१ पासून प्लॅस्टिकच्या भंगारावरील वस्तु व सेवा कर शेंकडा ५ वरून १८ करण्यांत आला. नोंदलेल्या व्यापाऱ्यास खरेदीवर दिलेला कर पुढील करांतून वजा मिळतो, हें खरें. परंतु या धंद्याच्या पायाशीं असलेले कचरावेचक व लहान भंगारवाले बहुधा नोंदणीबाहेरचे. कर जितका जड, तितका बिनपावतीच्या व्यवहाराचा मोह मोठा. आणि कर चोख भरणाऱ्याचाच माल महाग ठरतो.

पुण्यांत १९९३ सालीं कचरावेचकांनीं आपली संघटना उभारली, तिचें नांव 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. ज्या जिनसांवर या लोकांची भाकरी अवलंबून, त्याच त्या नांवांत आल्या आहेत. कारखान्यांत भंगारास मागणी असेल, तरच त्यांच्या पाठीवरील पोत्यास मोल.

म्हणून कर किती, याइतकाच तो कोणत्या टोकास बसवावा, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. नवें निर्माण करून टाकणाऱ्यावर भार पडावा कीं टाकलेलें उचलणाऱ्यावर? आमच्या मतें याचें उत्तर कठीण नाहीं. पुढील खेपेस रद्दीवाला दाराशीं आला म्हणजे आमच्या विद्यार्थ्यांनीं त्यास एवढेंच विचारावें कीं, 'दादा, हें तुम्ही कोठें नेतां, आणि तेथें याला काय भाव मिळतो?' अर्थशास्त्राचा पहिला धडा त्यांस उंबरठ्यावरच मिळेल.