बोटांना कळणारा आवाज

आधी दोन बोटं कंठमण्यावर अलगद टेकवून ‘आऽऽ’ म्हणून पाहा. थरथर जाणवेल. आता नुसता ‘स्‌स्‌’ लांबवा. थरथर गायब! मोठ्या वयातही अडखळत बोलणाऱ्यांसाठीची स्पर्शाची उपकरणं याच थरथरीवर चालतात.

एकट्यानं बोलताना अडणारी माणसं आरती चारचौघांबरोबर सहज म्हणतात. सोबत दुसरा आवाज असला की अडखळणं खूप कमी होतं. म्हणून स्वतःचाच आवाज किंचित उशिरानं कानात ऐकवणारी यंत्रं निघाली. तीच सोबत त्वचेमार्फत देता येते का, यावर अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठातल्या ग्रेगरी स्नायडर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये संशोधन प्रसिद्ध केलं.

अशा उपकरणात पट्ट्यानं गळ्याला चिकटणारा सेन्सर, म्हणजे कंपनं टिपणारी चकती असते. ती कंठमण्याच्या जवळ नीट टेकायला हवी. पट्टा सैल राहिला की यंत्राला आवाज तुटक मिळतो. फार आवळला तर गळाच आखडतो, आणि आखडलेला गळा आपल्याला नकोच असतो.

टिपलेली कंपनं बोटाला लावलेल्या किंवा मुठीत धरलेल्या छोट्या कंपकाकडे जातात. आपण बोलू तसा तो थरथरतो. जोर बेताचा ठेवा. हात बधिर होईल इतका वाढवला तर लक्ष बोलण्यावरून हातावर जातं.

खरी गोची पुढे आहे. फोन उचलला, नाव सांगायचंय, आणि ‘पाटील’मधला ‘पा’ ओठांतच अडकला. आवाज नाही, म्हणजे कंपन नाही, म्हणजे ऐन गरजेला यंत्र गप्प! ‘यंत्र बिघडलं’ म्हणून अनेकजण ते इथेच ठेवून देतात. म्हणून स्पीच थेरपिस्टकडून, म्हणजे वाचातज्ज्ञाकडून, आवाज हळुवार सुरू करायला आधी शिकावं: ओठ सैल मिटायचे, श्वास सोडत ‘पा’ सोडायचा. ‘आ’ निघाला की बोटाला थरथर कळते आणि पुढचं वाक्य तिच्या सोबतीनं जातं.

सराव वाचनापासून करावा, मग घरच्यांशी गप्पा, फोन सगळ्यात शेवटी. दवाखान्यात छान वाचता आलं म्हणून लगेच खरेदी करू नका; वाचन आणि तिकीट खिडकीवरचं बोलणं यांत फार अंतर आहे. शक्य असेल तर काही दिवस वापरायला मागून घ्या, आणि थेरपिस्टला यंत्र लावून व काढून, दोन्ही वेळचं बोलणं रेकॉर्ड करून ऐकवा.